घंटीवरून ओळख

आपली सोसायटी सायकलवाल्यांनी उभी केली, हे नव्या पिढीला सांगायला हवे. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरची आपली घरे. जागा पाहताना स्टेशन, बाजार, तहसील सायकलने किती लांब, एवढेच आम्ही विचारले. कोणी इटियाडोहच्या कालव्याच्या कामावर, कोणी धानाच्या मिलमध्ये. मी नवेगावबांधच्या रस्त्याने शाळेत. कॅरियरला डबा, पँटला चिमटा.

खरी परीक्षा रोवणीच्या दिवसांत. मडगार्डमध्ये चिखल अडकला की चाकच फिरेना. काडीने काढायचा, नाहीतर सायकल खांद्यावर!

एका संध्याकाळी जंगलात पंक्चर झाली. चाक फिरेल तेव्हा डायनॅमो. अंधारातच ढकलत निघालो. फाट्यावर शेजारचे भाऊ टॉर्च घेऊन उभे. म्हणाले, "गुरुजी, सात वाजले तरी तुमची घंटी नाही वाजली, म्हणून निघालो."

आता घरोघरी गाड्या आल्या, वेळ वाचला, चांगलेच झाले. पण कोण अजून घरी आले नाही, हे शेजाऱ्याला कळत नाही. रौप्यमहोत्सवानिमित्त एवढेच मागणे: उशीर झालेल्याची चौकशी करायची आपली जुनी सवय तेवढी सोडू नका.