पावलोपावलीं बदलणारे रूळ

लातूरच्या जुन्या मंडळींस बार्शी लाइट रेल्वे अद्याप आठवते. इ. स. १९११ मध्यें अडीच फूट रुंदीचा तो लोहमार्ग बार्शीहून लातुरापर्यंत आला आणि लातूरच्या अडतबाजाराचें भाग्य उघडलें. परंतु त्या गाडीनें निघालेला माल कुर्डुवाडीस पोंचला, कीं तेथें मुख्य मार्गाचे रूळ रुंद. पोतें न् पोतें उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवावें लागे. इकडे नांदेडवरून जाणारा मनमाड-हैदराबाद रस्ता मीटरमापाचा. त्याचा मेळ लातूरच्या गाडीशींही नाहीं आणि कुर्डुवाडीच्या गाडीशींही नाहीं. नाण्याचीही तीच तऱ्हा. निजामाच्या राज्यांत हाली शिक्का, बार्शीच्या हद्दींत शिरलें कीं कलदार. वटाव दिल्यावांचून व्यवहार पुढें सरकत नसे.

ही हकीकत आम्ही एका अगदीं निराळ्या विषयासाठीं सांगत आहों. संगणकाच्या जगांतही असाच रुळांचा घोटाळा माजला होता, आणि तो निस्तरण्यासाठीं जी युक्ति निघाली, ती नांदेडच्या किंवा लातूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी आज तीन ओळी टंकून सहज वापरतो. तिचा इतिहास मात्र त्याला क्वचितच कोणी सांगतो.

युनिक्स नांवाची संगणकप्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मली. १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीमुळें तिच्या मालक कंपनीस दूरध्वनीखेरीज इतर धंदा करण्याची मोकळीक नव्हती. म्हणून ही प्रणाली मूळ मजकुरासह विद्यापीठांना अल्प मोबदल्यांत मिळूं लागली. ज्याच्या हातीं मजकूर, त्यानें तो आपल्या सोयीनें फिरवला. बर्कलेची शाखा एक, कंपनीची ‘सिस्टिम फाइव्ह’ दुसरी, आणि पुढें सन, आयबीएम, डेक, ह्यूलेट-पॅकार्ड ह्या प्रत्येकाचें घराणें वेगळें. फरक किती क्षुल्लक असावेत? पडद्यावर एक ओळ लिहिणारी ‘इको’ नांवाची आज्ञा घ्या. ओळ संपल्यावर खालीं जाऊं नकोस, असें तिला सांगावयाचें झाल्यास बर्कलेच्या घरीं एक खूण, सिस्टिम फाइव्हच्या घरीं दुसरी. आणि चुकीच्या घरीं चुकीची खूण वापरली, तर ती खूणच निमूटपणें पडद्यावर उमटे.

ह्या सर्व घराण्यांत समान असें एक माणूस होतें, तें म्हणजे ‘शेल’. वापरणाऱ्यानें टंकलेली आज्ञा ऐकून ती यंत्राकरवीं पार पाडणारा हा कारकून. त्याला एकामागून एक आज्ञांची यादी लिहून द्यावी, ती ‘शेल-स्क्रिप्ट’. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींत स्टीव्ह बोर्न ह्यांनीं लिहिलेला शेल आला आणि पुढच्या सर्वांचा तो मूळपुरुष ठरला. बोर्न ह्यांस आल्गोल ६८ ह्या भाषेचा लळा, म्हणून त्यांच्या शेलांत ‘इफ’ने उघडलेला परिच्छेद त्याच शब्दाच्या उलट्या रूपानें, म्हणजे ‘फाय’ने, मिटतो, ‘केस’चा ‘एसॅक’ने. त्या न्यायानें ‘डू’चा शेवट ‘ओडी’ व्हावयाचा. पण त्या नांवाची एक आज्ञा युनिक्समध्यें आधींच बसलेली होती, म्हणून तेथें मुकाट्यानें ‘डन’ लिहावें लागलें. व्याकरणाच्या नियमाला पहिल्या वहिवाटदारापुढें नमावें लागल्याचें हें उदाहरण आम्हांस फार आवडतें.

आतां मूळ मुद्दा. जो व्यापारी एकाच जातीच्या यंत्रासाठीं कार्यक्रम विकतो, त्याला ह्या विविधतेची फिकीर नसते. त्याचें गिऱ्हाईक त्याला ठाऊक असतें. परंतु १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि ज्याला पाहिजे त्यानें घ्यावें, वाचावें, सुधारावें व वांटावें असें मुक्त सॉफ्टवेअर लिहिलें जाऊं लागलें, तेव्हां अडचण निराळी झाली. दान करणाऱ्याला घेणाऱ्याचें घर माहीत नाहीं. मजकूर टोकिओस जाईल, नांदेडास जाईल. कोणत्या रुळांवर पडेल हें लिहिणाऱ्याला सांगतां येत नाहीं. मग प्रत्येक घरीं तो बसवावा कसा?

पहिलें नामांकित उत्तर लॅरी वॉल ह्यांचें. पर्ल भाषेचे जनक म्हणून त्यांचें नांव पुढें गाजलें. पण त्याआधीं १९८४ सालीं ‘आरएन’ नांवाच्या आपल्या कार्यक्रमाबरोबर त्यांनीं ‘कॉन्फिगर’ नांवाची एक शेल-स्क्रिप्ट दिली. ती कांहीं गोष्टी स्वतः हुडके आणि उरलेल्या घरधन्यास विचारी. उलटतपासणी लांब असे. पण निदान विचारणारा होता.

दुसरें उत्तर अधिक खोल आहे. १९९१ च्या जून महिन्यांत डेव्हिड मॅकेन्झी हे ग्नूच्या कित्येक उपयुक्त कार्यक्रमांची देखभाल करीत होते. एकेका कार्यक्रमासाठीं घेणाऱ्याला सुमारें वीस पर्याय हातानें भरावे लागत. त्यांनीं कंटाळून एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली. ती ह्या पर्यायांचा आपणच अंदाज करी. त्यांतूनच ‘ऑटोकॉन्फ’ उभें राहिलें: लेखकानें आपल्या गरजा थोडक्यांत सांगाव्या, आणि ‘एम-फोर’ नांवाच्या जुन्या विस्तारकानें त्यांची हजारों ओळींची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट करून द्यावी. तिचें तत्त्व असें, कीं यंत्राची जात विचारूं नये, अंगचा गुण पाहावा. ‘तूं सन आहेस कीं डेक?’ असा प्रश्न ती सहसा करीत नाहीं. ती चार ओळींचा एक कार्यक्रम स्वतः लिहिते, तेथल्या कंपायलरपुढें टाकते, आणि तो पचला तर ‘होय’, न पचला तर ‘नाहीं’ अशी नोंद करते. अशा शेंकडों परीक्षा झाल्यावर त्या घराला साजेशी ‘मेकफाइल’ तयार होते. ती वाचून १९७६ सालीं स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनीं निर्मिलेली ‘मेक’ ही आज्ञा उरलेलें काम करते. मागाहून जन्मलेल्या यंत्रालाही ह्यामुळें दार बंद राहत नाहीं. त्याचें कुलशील कोणत्याही यादींत नसलें तरी चालतें.

परंतु परीक्षकच ज्या शेलवर चालावयाचा, तो शेल तरी घरोघरीं सारखा कोठें होता! म्हणून ह्या स्क्रिप्ट अत्यंत दरिद्री भाषेंत लिहाव्या लागल्या. बोर्नच्या मूळ शेलांत नसलेली प्रत्येक सोय वर्ज्य. ‘इको’ची खूण कोणती, हेंही आधीं पडताळून मग बोलावयाचें. वस्तु जागच्या जागीं ठेवणारी ‘इन्स्टॉल’ आज्ञा प्रत्येक घराण्यांत निराळी वागे, म्हणून तिचें काम करणारी एक छोटी स्क्रिप्ट बरोबरच शिदोरीसारखी बांधून देत. ती एमआयटीच्या एक्स खिडकीप्रणालींतून आलेली. भाषेचाही एक नियम आहे, आणि तो आम्हां मराठी माणसांना किंचित् लागतो: काम सुरू होतांच ही स्क्रिप्ट यंत्राची भाषा बदलून ‘सी’ नामक निर्गुण भाषा करते; कारण अक्षरांचा अनुक्रम व कंपायलरचे संदेश भाषेगणिक बदलले, तर परीक्षेचा निकाल बिघडावा. पडदा मराठींत सजवणाऱ्या कार्यक्रमासही बसवतेवेळीं मराठी घटकाभर बाहेर ठेवावी लागते.

आमच्या भागांत ही विद्या उशीरानें आली. नांदेडचें श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ चें. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चें. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकानें १९९६ सालीं लिनक्सची तबकडी अंकासोबत दिली, आणि ज्यांच्या गांवीं दूरध्वनीची तारही धड चालत नसे, त्यांनाही मूळ मजकूर टपालानें मिळूं लागला. प्रयोगशाळेंतील यंत्राचा मुख्य परवलीचा शब्द विद्यार्थ्यांना अर्थातच कोणी देत नाहीं. परंतु ‘कॉन्फिगर’ला ‘प्रीफिक्स’ ह्या शब्दापुढें स्वतःच्या खणाचा पत्ता दिला, कीं सारा कार्यक्रम त्या खणांतच बसतो. कोणाची परवानगी लागत नाहीं. आमच्या मतें ह्या स्क्रिप्टांचें खरें मोल ह्या एका सोयींत आहे.

लातुरास आम्हीं एकदां असाच एक कार्यक्रम बांधावयास घेतला. स्क्रिप्टनें आरंभींच एक प्रश्न स्वतःशीं उच्चारला: भोंवतालची स्थिति शुद्धीवर आहे काय? आणि ती तेथेंच थांबली. नुकतीच निर्माण केलेली फाइल मुळांत आलेल्या फाइलींहून जुनी दिसते, असें तिचें म्हणणें. तासभर आम्ही कंपायलरला दोष देत बसलों. शेवटीं कळलें, कीं वारंवार वीज जाऊन यंत्रांतील लहानशी बॅटरी मेली होती आणि घड्याळ कित्येक वर्षें मागें गेलें होतें. ‘मेक’चा सारा न्याय फाइलींच्या वेळेवर चालतो; घड्याळ खोटें तर न्यायही खोटा. चूक सर्वस्वी आमची होती, स्क्रिप्टची नव्हे.

१९९२ सालीं पॉझिक्सनें शेलचें प्रमाण रूप ठरविलें. तथापि प्रमाण ठरलें म्हणून संवयी सुटतात असें नाहीं. लिनक्सवर ‘बॅश’ हा संपन्न शेल सर्वत्र असल्यामुळें लोक त्याच्याच खास सोयी वापरूं लागले, आणि २००६ सालीं उबंटूनें मुख्य शेलच्या जागीं सडपातळ ‘डॅश’ बसवितांच अशा कितीतरी स्क्रिप्ट कोसळल्या.

पण खरा धक्का २०२४ सालीं बसला. ‘एक्सझेड’ हें मजकूर दाबून लहान करणारें साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतें. दोन वर्षांहून अधिक काळ सौजन्यानें काम करून विश्वास मिळविलेल्या एका टोपणनांवी सहकाऱ्यानें त्याच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्तींत चोरदार घातलें. मुख्य ऐवज चांचणीच्या फाइलींत लपविलेला होता. तो बाहेर काढणारी किल्ली मात्र ‘कॉन्फिगर’ घडविणाऱ्या एम-फोर मजकुरांत ठेवली होती, आणि तीही सर्वांसमोरच्या भांडारांत नव्हे, तर वांटपाच्या गठ्ठ्यांत. चोरानें जागा अचूक निवडली. सर्वजण जी चालवितात आणि कोणीच वाचीत नाहीं, अशी दुसरी वस्तु मुक्त सॉफ्टवेअरच्या घरांत शोधून सांपडणें कठीण. आंद्रेस फ्रॉइंड ह्यांना दूरच्या यंत्रावर प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, त्यांनीं त्याचा माग काढला, आणि २९ मार्च रोजीं ही गोष्ट उघडकीस आणली.

कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला. पोतीं बदलावीं लागत नाहींत. संगणकांतही जुनीं घराणीं बहुतेक खालसा झालीं, ‘सीमेक’, ‘मेसन’ अशीं नवीं साधनें आलीं, आणि ‘कॉन्फिगर’च्या शेंकडों परीक्षांपैकीं पुष्कळशा आज कोठेंही नापास होत नाहींत. तरी ती चालते. एक्सझेडच्या प्रकरणानंतर आम्हीं एका साध्या कार्यक्रमाची ‘कॉन्फिगर’ प्रथमच उघडून वाचावयास घेतली. पहिल्या दोनशे ओळी केवळ आपण कोणत्या शेलांत जन्मलों, एवढें शोधण्यांतच गेल्या.