वॉट, किलोवॉट, एचपी आणि युनिट : अर्ज भरण्यापूर्वी समजून घ्या

विजेशी संबंधित योजनांच्या अर्जांत क्षमता एकाच एककात विचारली जात नाही. सोलर पॅनेलवर वॉट लिहिलेले असते, छतावरील सौर योजनेत किलोवॉट विचारतात, शेतीपंपाच्या योजनेत एचपी आणि घरगुती वीज सवलतीत युनिट. यांतले पहिले तीन शक्ती मोजतात, चौथे मात्र वेगळे आहे. आकडा चुकीच्या एककात भरला तर पात्रता बदलू शकते.

वॉट, किलोवॉट, मेगावॉट

१००० वॉट म्हणजे १ किलोवॉट आणि १००० किलोवॉट म्हणजे १ मेगावॉट. वॉटचे किलोवॉट करताना १००० ने भागावे. ५४० वॉटची ६ पॅनेल म्हणजे ३२४० वॉट, अर्थात ३.२४ किलोवॉट. मेगावॉट घरगुती अर्जात येत नाही. बातम्यांत तो दिसतो तो मोठ्या प्रकल्पांसाठी. तुमकूरु जिल्ह्यातील पावगडा सौर पार्कची क्षमता २०५० मेगावॉट, म्हणजे २० लाख ५० हजार किलोवॉट आहे.

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या २ किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये अनुदान मिळते. एकूण मर्यादा ७८,००० रुपये. वरच्या ६ पॅनेलना म्हणूनच ७८,००० रुपयेच मिळतील, जास्तीच्या ०.२४ किलोवॉटसाठी वेगळे काही नाही. अनुदानासाठी पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, ती धरली जाते. त्यामुळे विक्रेत्याकडून दरपत्रक घेताना दोन्ही आकडे किलोवॉटमध्ये लिहून घ्या.

एचपी आणि किलोवॉट : इथे सर्वाधिक गोंधळ होतो

शासन निर्णयात ‘अश्वशक्ती’ असते, दुकानात ‘एचपी’ म्हणतात. दोन्ही एकच. (कन्नड आदेशांतही ‘अश्वशक्ती’च वाचायला मिळते.) १ एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॉट, म्हणजेच ०.७४६ किलोवॉट. एचपीला ०.७४६ ने गुणले की किलोवॉट मिळतात, किलोवॉटला ०.७४६ ने भागले की एचपी. काही जुन्या पुस्तकांत ७३५.५ वॉट दिलेले असतात. ती मेट्रिक अश्वशक्ती होय. ती पंपाच्या मोटरसाठी वापरू नका.

प्रत्यक्षात हिशेब करण्याची गरज सहसा पडत नाही, कारण मोटरच्या पाटीवर दोन्ही आकडे छापलेले असतात. नेहमीच्या जोड्या अशा :

३ एचपी – २.२ किलोवॉट
५ एचपी – ३.७ किलोवॉट
७.५ एचपी – ५.५ किलोवॉट
१० एचपी – ७.५ किलोवॉट

शेवटच्या दोन ओळी पुन्हा पाहा. ‘७.५’ हा आकडा दोन्हीकडे आहे, पण मोटरी वेगळ्या आहेत. महाराष्ट्राच्या ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना–२०२४’ मध्ये ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. पाटीवर ७.५ किलोवॉट असलेली मोटर १० एचपीची असल्याने या मर्यादेबाहेर जाते. कर्नाटकात शेतीपंपांच्या मोफत विजेची मर्यादा १० एचपी आहे. म्हणजे तीच मोटर बेळगावच्या शेतात मर्यादेत बसते आणि सीमेपलीकडे चंदगडला बसत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना शेती असलेल्या कुटुंबांनी प्रत्येक जोडणीचा मंजूर भार वीजबिलावर पाहावा आणि तो एचपीत आहे की किलोवॉटमध्ये, हे आधी वाचावे.

सौर पंपाबाबत आणखी एक शंका नेहमी येते. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट, मग पॅनेल ४८०० वॉटची का? पॅनेलवरचा आकडा हा ठरावीक चाचणीतील कमाल क्षमतेचा असतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन, उष्णता आणि धूळ यांमुळे तेवढी शक्ती दिवसभर मिळत नाही. म्हणून पीएम-कुसुमच्या निकषांत ३ एचपी पंपासाठी ३००० वॉट, ५ एचपीसाठी ४८०० वॉट आणि ७.५ एचपीसाठी ६७५० वॉटची पॅनेल धरली आहेत. बसवणाऱ्याने यापेक्षा कमी लावली, तर पॅनेलमागच्या पाट्यांवरील वॉटची बेरीज करून तुम्हाला ते लगेच पकडता येईल.

युनिट म्हणजे शक्ती नव्हे

किलोवॉट सांगतो, उपकरण किती जोराने वीज घेते. युनिट सांगते, एकूण किती वीज वापरली. १ किलोवॉटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट. २००० वॉटचा गिझर रोज १ तास चालवला तर रोज २ आणि ३० दिवसांत ६० युनिट होतात. ९ वॉटचा एलईडी दिवा रोज १० तास लावूनही महिन्याला ३ युनिटपेक्षा कमीच.

कर्नाटकच्या गृहज्योती योजनेतील २०० ही मर्यादा युनिटची आहे. मंजूर भार २ किलोवॉट असो वा ३, त्यावरून ती ठरत नाही. तुमचा मोफत वाटा २०२२-२३ मधील सरासरी वापर अधिक १० टक्के असा काढला जातो. सरासरी ११० युनिट असेल तर वाटा १२१ युनिटचा. महिन्यात १५० युनिट वापरले तर वरच्या २९ युनिटचे पैसे भरावे लागतात. वापर २०० च्या वर गेला, तर त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. (सरासरी ४८ युनिटपेक्षा कमी असलेल्यांना २०२४ पासून १० टक्क्यांऐवजी १० युनिट जास्त मिळतात.) बेंगळुरूत भाड्याने राहणारी कुटुंबेही पात्र आहेत, अर्ज सेवा सिंधू पोर्टलवर करावा.