दंतविभाग, रुग्णालयीन : नेतृत्वाचा इतिहास

रुग्णालयातील दंतविभागाच्या प्रमुखाची जबाबदारी दुहेरी असते. रोग्यांवर उपचार करणे हे त्याचे मूळ काम. परंतु शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका व कृत्रिम दात बनविणारे कारागीर यांच्या कामाचा मेळ घालणे हेही त्याच्याकडेच येते. दंतवैद्यक दीर्घकाळ वैद्यकापासून अलग राहिल्यामुळे केवळ पदाच्या अधिकारावर त्याला विसंबता येत नसे. अध्यापन, सहकार्य व संस्थाबांधणी या तीन मार्गांनी हे नेतृत्व विकसित झाले.

लंडनच्या गाइज रुग्णालयात १७९९ मध्ये जोसेफ फॉक्स यांची दंतशल्यचिकित्सक म्हणून नेमणूक झाली. त्यांनी तेथे दंतशास्त्रावर व्याख्याने दिली. मानवी दातांवरील त्यांचा ग्रंथ १८०३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे नेतृत्व विद्वान अध्यापकाचे होते. अशा नेतृत्वाचा प्रभाव मुख्यतः व्यक्तीवर अवलंबून असतो. पुढे १८८९ मध्ये त्याच रुग्णालयात फ्रेडरिक न्यूलँड-पेडली यांच्या प्रयत्नाने दंतवैद्यकाचे विद्यालय सुरू झाले व अध्यापनाला संस्थेचे स्थैर्य लाभले.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) दंतवैद्याच्या नेतृत्वाची खरी कसोटी लागली. खंदकातून डोके वर काढताच सैनिकांचे चेहरे व जबडे गोळ्यांनी छिन्नविच्छिन्न होत. वाराझताद काझांजियन (१८७९–१९७४) हे आर्मेनियन वंशाचे अमेरिकन दंतवैद्य १९१५ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठाच्या पथकाचे दंतप्रमुख म्हणून फ्रान्समध्ये गेले. कामिये येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात त्यांनी अशा जखमींसाठी विभाग उभारला. पथकाची मुदत संपल्यावरही ब्रिटिशांच्या विनंतीवरून ते तेथेच राहिले. तारा व व्हल्कनाइट यांच्या आधारपट्ट्यांनी जबड्याचे तुकडे योग्य जागी स्थिर करायचे आणि त्या आधारावर मऊ ऊतके जुळवायची, ही त्यांची पद्धती होती. तीत दंतवैद्य, शल्यचिकित्सक व कारागीर यांचे परस्परावलंबन अटळ असल्याने त्यांचे नेतृत्व आज्ञेपेक्षा सहकार्यावर आधारलेले होते. तथापि कर्तृत्व सिद्ध झाल्यावरही त्यांना वैद्यकाचे रीतसर शिक्षण घ्यावे लागले. १९२१ मध्ये त्यांनी हार्व्हर्डची वैद्यकाची पदवी मिळविली व १९४१ मध्ये ते तेथेच सुघटन (प्लॅस्टिक) शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. युद्धातील निकड दंतवैद्याला नेतृत्व देऊ शकली. शांततेच्या काळात मात्र त्यासाठी वैद्यकाची मुद्रा लागली.

भारतात हे नेतृत्व संस्थापकाच्या रूपाने पुढे आले. अमेरिकेत शिक्षण घेऊन परतलेले रफिउद्दीन अहमद (१८९०–१९६५) यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले. प्रारंभी त्याचा बराचसा आर्थिक भार त्यांनी स्वतः उचलला. व्यवसायाला कायद्याची मान्यता मिळावी म्हणूनही ते झटले. १९४८ मध्ये दंतवैद्यक अधिनियम संमत झाला. १९४९ मध्ये त्यांनी आपली संस्था पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केली. संस्था आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या तिन्ही प्रकारांत नेतृत्वाचे टिकाऊपण प्रमुखाच्या वैयक्तिक कौशल्याइतकेच त्याने घडविलेल्या व्यवस्थेवर अवलंबून राहिले. प्रमुख निवृत्त झाल्यावरही विभागाचे काम पूर्ववत चालते की नाही, हाच त्याच्या नेतृत्वाचा विश्वसनीय निकष होय.