पेशीमृत्यू प्रथिने : परजीवी संसर्गातील कार्य

परजीवीने बाधित झालेल्या पेशीचा नियंत्रित मृत्यू घडवून आणणारी प्रथिने. कॅस्पेज विकरे, गॅसडर्मिन, पर्फोरिन, ग्रॅन्झाइम व ग्रॅन्युलायसिन ही त्यांतील प्रमुख होत. टॉक्सोप्लाझ्मा, लीशमॅनिया व ट्रिपॅनोसोमा क्रूझी हे एकपेशीय परजीवी आश्रयी पेशीच्या आत वाढतात. तेथे प्रतिपिंडे पोहोचत नाहीत; म्हणून परजीवीचा आसराच नष्ट करणे हा बचावाचा महत्त्वाचा मार्ग ठरतो.

टॉक्सोप्लाझ्मा स्वतःभोवती रिक्तिका तयार करून तीत राहतो. गॅमा इंटरफेरॉन या प्रतिक्षम संकेत-प्रथिनाच्या प्रभावाने निर्माण होणारी ग्वानिलेट-बंधक प्रथिने ही रिक्तिका व परजीवी फोडतात. मानवी महाभक्षी पेशींत, उघड्या पडलेल्या परजीवीचा डीएनए एआयएम-२ हे प्रथिन ओळखते. त्यानंतर कॅस्पेज-८ कार्यान्वित होऊन पेशी ॲपॉप्टोसिसने (नियोजित पेशीमृत्यूने) मरते. पेशीमृत्यूचा दुसरा मार्ग गॅसडर्मिन-डीचा असून त्याचे कार्य २०१५ मध्ये स्पष्ट झाले : कॅस्पेज-१ ने कापल्यावर त्याचा एक तुकडा पेशीपटलाला छिद्रे पाडतो आणि त्यांतून इंटरल्यूकीन-१ बीटा बाहेर पडून दाह निर्माण होतो.

मारक लसीका पेशींच्या कणिकांतील पर्फोरिन बाधित पेशीचे पटल भेदते, ग्रॅन्युलायसिन परजीवीचे पटल भेदते आणि ग्रॅन्झाइम आत शिरून परजीवीला मारतात. प्लाझ्मोडियम व्हायवॅक्सने बाधित अपक्व तांबड्या पेशींतही ग्रॅन्युलायसिनचे असे कार्य आढळते. उंदरांत ग्रॅन्युलायसिन नसल्याने त्यांच्यावरील प्रयोगांचे निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

टॉक्सोप्लाझ्मा आश्रयी पेशीचा ॲपॉप्टोसिस रोखून तग धरतो. उलट, अनियंत्रित पेशीमृत्यूने ऊतींची हानी होते. त्यामुळे या प्रथिनांवर आधारित उपचारांत संतुलन अत्यावश्यक आहे.