रुमाल, लेखांक आणि कंस

१८९८ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि खंड व लेखांक एवढ्या दोन निर्देशांवर मूळ पत्रापर्यंत पोहोचण्याची जी शिस्त पुढे मराठी संशोधनात रुजली, तीच १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादताना करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, दृढ केली. संदर्भ देण्याचे तेच काम आता संगणकावर होते: मायक्रोसॉफ्टच्या २००७ च्या वर्डमध्ये ग्रंथकर्ता, ग्रंथनाम, वर्ष यांची नोंद एकदाच केली की मजकुरातील संदर्भाचा कंस व अखेरची संदर्भसूची सिद्ध होते. ही सोय मला मनापासून मोलाची वाटते. परंतु कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी कागदास ना ग्रंथनाम, ना प्रकाशक. त्याचा ठिकाणा दफ्तर आणि रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे), आणि रुमालासाठी वर्डमध्ये स्वतंत्र रकाना नसल्याने तो अभ्यासकाला आजही स्वहस्तेच लिहावा लागतो.