कर्करोग मृत्युदर : ग्रामीण व नागरी

भूम, परांडा व बार्शी या तालुक्यांसाठी १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. रुग्णालयाच्या कागदांवर विसंबून चालणार नव्हते. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरून रुग्ण व मृत्यू शोधत, सोबत रोगाच्या लक्षणांची माहितीही देत.

येथील कर्करोगाचे नोंदलेले प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी आढळते. मृत्यूंचे चित्र निराळे आहे. २०१० मधील देशव्यापी अंदाजानुसार ३० ते ६९ वयोगटात दर लाखामागे ग्रामीण पुरुषांत ९५.६ व नागरी पुरुषांत १०२.४, तर स्त्रियांत अनुक्रमे ९६.६ व ९१.२ मृत्यू होते; म्हणजे फरक किरकोळ. सत्तरीपुढचे आकडे जपूनच वाचावे लागतात : घरीच गेलेल्या वृद्धाच्या मृत्यूचे कारण ‘म्हातारपण’ एवढेच सांगितले जाते, तपासणी झालेलीच नसते.

ग्रामीण भागातील कर्करोगाचे काही मृत्यू टाळताही येतात : धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.