सुट्टी संपली, ताईंची सही राहिली

दोन आठवडे एपिसोड आला नाही, त्याबद्दल सॉरी. मी घरच्यांबरोबर दिवेआगरला होतो. दोन गाड्या, चौदा माणसं, त्यात माझी आत्या. सोमवारी देवळ्यात परत आलो, पाचकंदीलजवळचं ऑफिस उघडलं, बुटात अजून वाळू होती आणि फोन वाजला.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी जमिनी आणि प्लॉटच्या व्यवहाराचं काम करतो. फोनवर होते एक आप्पा. रोडटच २० गुंठे, पार्टी तयार, बयाणा दिलेला. सातबाऱ्यावर तीन भाऊ आणि एक बहीण. भावांच्या सह्या झाल्या, बहिणीची बाकी. आप्पा म्हणाले, "अरे, ताई आखाजीला आठ दिवस इथंच होती. तेव्हाच घ्यायला पाहिजे होती सही. आता ती सुरतला गेली, म्हणजे दिवाळीपर्यंत थांबा."

हे वाक्य मी या धंद्यात किती वेळा ऐकलं असेल! पण या वेळी अडकलो. म्हणून आजचा इतिहास हाच, बहिणीच्या सहीचा.

कसमादेत, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आपल्या पट्ट्यात, आखाजीला लेकी माहेरी येतात. पुण्याकडच्या दोस्तांनो, आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. झाडाला झोके, गौराईची गाणी, खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस. शाळांना सुट्टी असते, सगळी भावंडं एका छताखाली असतात. आणि सगळी एका छताखाली असली की कागद करायलाही तोच मोका. सण, सुट्टी आणि हक्कसोड आमच्याकडे बरोबर चालत आलेत.

आता थोडं मागे जाऊ. इंग्रजांना शेतसारा पाहिजे होता. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरला मोजणी केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबरला खातेदार. सरकारचा प्रश्न एकच होता, सारा कोण भरणार? घरात कोणाचा किती हक्क, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. हक्काची नोंद ठेवायचा कायदा आला १९०३ मध्ये. आज आपण जो सातबारा मोबाइलवर काढतो, त्यातला सात म्हणजे गाव नमुना ७, अधिकार अभिलेख, आणि बारा म्हणजे नमुना १२, पिकांची नोंद. नाव का आणि कसं बदललं, ते फेरफारात, म्हणजे नमुना ६ मध्ये.

जुने फेरफार वाचायला बसलात तर एक अक्षरसमूह सारखा भेटतो: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेला, थोरल्या भावाचं नाव लागलं, पुढे ए.कु.मॅ. धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांच्या मागे. बहीण त्यांच्याही मागे नाही, कारण मुलगे असताना मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटाच नव्हता.

हे बदलायला डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल आणलं. संसदेत ते रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यानंतर तुकड्या-तुकड्यांनी कायदे झाले, त्यातला हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. मुलीला वाटा मिळाला, पण किती? हिशेब ऐका. बाप, दोन मुलगे, एक मुलगी, आई आधीच गेलेली. वडिलोपार्जित जमीन १२ एकर. बाप वारल्यावर आधी कागदोपत्री तीन वाटे: बाप ४, मुलगे ४-४. मग बापाच्या ४ एकरांचे तीन भाग. म्हणजे प्रत्येक मुलाला ५ एकर १३ गुंठे आणि मुलीला १ एकर १३ गुंठे. शिवाय राहत्या घरात मुलीचा वाटा असला, तरी भाऊ वाटणी करत नाहीत तोवर तिला ती मागता येत नव्हती.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. त्याच वर्षी राज्याचं महिला धोरण आलं होतं. पण मेख अशी की या तारखेआधी लग्न झालेल्या मुली बाहेर! त्या काळात आमच्याकडे विशीच्या आत लग्नं होत. म्हणजे कायदा आला तेव्हा गावातल्या बहुतेक लेकी आधीच नांदायला गेलेल्या. देशभरासाठी ही अट गेली ९ सप्टेंबर २००५ ला. तरी बाप त्या दिवशी जिवंत पाहिजे की नको, यावर कोर्टात पंधरा वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, हक्क जन्माने येतो, बाप जिवंत असण्याची अट नाही. वरच्या हिशेबात आता तिघांना ४-४ एकर.

यात एक गोष्ट आपल्या शेजारची आहे, आणि ती इथल्याच पोरांना माहीत नसते याचं मला वाईट वाटतं. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. लाखाच्या वर बाया आल्या होत्या. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली: ज्या गावात शंभर घरं बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करतील, त्या गावात मी स्वतः येईन. कायद्याची सक्ती नाही, कोर्ट नाही, आणि तरी गावोगावी लोकांनी केलं. पण ते बायकोसाठी होतं. बहिणीपर्यंत ते पोचलं नाही. बायकोच्या नावावर केलेली जमीन शेवटी घरातच राहते ना!

आता आत्या. दिवेआगरला एका रात्री सगळे झोपल्यावर ती आणि मी ओट्यावर बसलो होतो. मी सहज विचारलं, तुझी सही कधी झाली गं? तिचं लग्न १९८९ चं, म्हणजे ९४ च्या कायद्याने बाहेर. आजोबा ९७ ला गेले, म्हणजे ५६ च्या कायद्याने तिचा एक छोटा वाटा होता. ती म्हणाली, "दुसऱ्या आखाजीला. रस वाढला होता. तुझे पप्पा म्हणाले, जेवून तालुक्याला जाऊन येऊ. मी हात धुऊन गेले." तिने वाचलं का? नाही. वाचायला कोणी दिलंही नाही. कागदावर ठरलेले शब्द असतात: राजीखुशीने, स्वसंतोषाने, लग्नात खर्च झाला असल्याने. संध्याकाळी साडीचोळी झाली. ती साडी तिने अजून ठेवलीय, आणि चांगली होती म्हणाली. माहेर तुटायला नको होतं, हे तिचं कारण.

हक्कसोड रजिस्टर झालेला. तो नंतरच्या कायद्याने आपोआप उलटत नाही. त्या जमिनीतले काही गुंठे २०११ मध्ये विकले आणि त्या पैशातून मी आज ज्या ऑफिसात माइक लावून बसलोय तो गाळा घेतला. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितीय मला," आणि झोपायला गेली.

म्हणून सोमवारी आप्पांना मी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं नाही. सुरतच्या ताईंचा नंबर घेतला. आप्पांना ते फारसं आवडलं नाही, ब्रोकर बदलतील असंही वाटलं. ताईंना मी सांगितलं, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, हिस्सा चौथा, एकूण रक्कम अमुक. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "हक्कसोडच करायचा असतो ना?" मी म्हटलं, करायचा तर करा, बक्षीस म्हणून सोडा, नाहीतर खरेदीखतावर चौथी सही तुमची आणि चौथा चेक तुमच्या नावाचा.

"मसुदा व्हॉट्सॲपवर टाका," त्या म्हणाल्या. "मी वाचून सांगते."

पाठवलाय. दोन निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून नाही.